चित्रं काढणं, शिकणं, शिकवणं... घरातले, चाळीतले, शाळेतले अनुभव इथे लिहा

परळची_पोर
काल लेकाने एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचा फॉर्म आणला. डब्याची घाई, मी पिठाच्या हातानेच सही केली आणि नंतर ट्रेनमध्ये दादर येईपर्यंत डोक्यात फक्त बाबा.

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. चाळीच्या जिन्याखाली एक काळा फलक होता तो कायम त्यांच्याकडे. कोणाचं लग्न, कोण गेलं, नळाला पाणी किती वाजता, आणि सणावाराला चित्र. रंगीत खडू रात्री साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. ओला खडू फलकावर गडद उमटतो आणि वाळल्यावर हात लागला तरी भुकटी सुटत नाही. आई चिडायची, रेशनची साखर आणि ती खडूला!

1982च्या जानेवारीत संप झाला तेव्हा मी बालवाडीत. गिरणी काही परत सुरू झाली नाही, मग बाबा पाट्या रंगवायला लागले. दुकानांच्या, डॉक्टरांच्या, स्कूटरच्या नंबरप्लेटी सुद्धा. पत्र्यावर खडू चोळलेली दोरी ताणायची आणि मधून उचलून टण्णकन सोडायची, सरळ रेघ उमटते. त्या दोरीचं दुसरं टोक मी धरायचे, तीच माझी पहिली नोकरी. तेव्हा सांगायचे, वेलांटीला वर जागा ठेव आधी, लोक शिरोरेघ मारून मोकळे होतात आणि मग वेलांटी छताला आपटते. र बारीक असतो, क्ष पसरतो, सगळ्यांना सारखी जागा दिलीस तर पाटी फटी पडलेल्या दातांसारखी दिसेल. पट्टी घेऊ द्यायचे नाहीत. फ्लेक्स आला आणि ते सगळं गेलं. ब्रश अजून माळ्यावर आहेत, खारीच्या केसांचे, रॉकेलच्या डब्यात वाळून काठी झालेले.

तुमच्याकडे कोण होतं असं? किंवा तुम्हीच आहात का? लिहा.

तिरका_तांब्या
एलिमेंटरी!!! वस्तुचित्र म्हटलं की पोटात गोळा. तांब्या, वांगं, घडी घातलेलं कापड. माझा तांब्या दर वेळी एका बाजूला कललेला, सर म्हणाले अरे हा तांब्या आहे की विरार फास्टमधला माणूस. आयडी तिथूनच घेतलाय 😀

खडूवाल्या_बाई
परळची, खूप छान लिहिलंस गं. मी शाळेत चित्रकला शिकवते, एकवीस वर्षं झाली, एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करून लागले. आत्ता ऑफ पिरियड आहे म्हणून लिहितेय, म्हणजे खरं तर माझाच तास आहे पण गणिताच्या सरांनी घेतलाय, पोर्शन राहिलाय म्हणे. वर्षभर हेच. चित्रकलेचा तास म्हणजे सगळ्यांची राखीव जागा. आणि गॅदरिंगचा पडदा, पंधरा ऑगस्टची रांगोळी, पाहुण्यांच्या नावाची पाटी हे मात्र सगळं बाईंकडे.

पण एक सांगते. सहावीच्या वर्गात साठ पोरं, पाण्याची एकच बादली. निसर्गचित्र काढा म्हटलं की साठच्या साठ जण दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, एम सारखे पक्षी. झोपडपट्टीतली, चाळीतली, टॉवरमधली, सगळ्यांची एकच नदी! एकदा वैतागून म्हटलं डोंगर बंद, शाळेत येताना जे दिसलं तेवढंच काढा. कोणी निळी ताडपत्री काढली, एकाने एसीचे डबे काढले भिंतीभर, खाली टपकणारं पाणी पण. आणि एका बुटक्या पोराने काय काढलं असेल? लोकलचा डबा. नुसते हात. वरच्या कड्यांना लटकलेले हात, घामाने ओल्या बाह्या, खिशातले पेन आणि एका बाजूला कुणाच्या तरी पिशवीतून बाहेर आलेली कोथिंबीर. तोंड कुणालाच नाही. मी विचारलं माणसांची तोंडं कुठेयत रे, तर म्हणाला बाई मला एवढंच दिसतं.

ते चित्र मी घरी नेलंय, त्याला विचारून.

वसईहून_७:१८
बाई, कडक!! 👏👏

तिरका_तांब्या
फक्त हात... खरंय, लहानपणी आईबरोबर जायचो तेव्हा मला तर बायकांच्या पर्शीच दिसायच्या. एक प्रश्न, एलिमेंटरीनंतरच्या इंटरमिजिएटचे दहावीला मार्क मिळतात ना अजून? भाच्यासाठी विचारतोय.

खडूवाल्या_बाई
हो मिळतात. इंटरमिजिएट पास लागते, ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3. तेवढ्यासाठी आईबाप धावत येतात, नाहीतर वर्षभर चित्रकलेची वही बघत नाहीत. असो. भाच्याला सांगा कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर हलका घेऊ नको, बाकी चित्रं चांगली काढणारी पोरं तिथेच आपटतात.

लालबागचा_मूषक
ताई तुमच्या बाबांसारखे आमचे मोठे काका. लालबागला गणपतीचा कारखाना होता, म्हणजे कारखाना कसला, दोन महिन्यांचा मांडव. मे महिन्याची सुट्टी लागली की आम्हा भावंडांची भरती. पहिल्या वर्षी फक्त पाणी आणायचं आणि पॉलिश पेपर घासायचा, बोटांची सालं निघायची. दुसऱ्या वर्षी पाटाला रंग. मग कधीतरी ब्रश हातात यायचा तो कशासाठी, तर उंदरासाठी. कारण उंदीर बिघडला तर गिऱ्हाईक काही बोलत नाही. त्यामुळे आमच्या मांडवातले सगळे उंदीर चकणे 😂 एका वर्षी मी एका उंदराला चष्मा काढला होता, तो तसाच विकला गेला, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

डोळ्यांची आखणी मात्र काकाच. सगळं झाल्यावर शेवटी. रात्री, पंखा बंद करून, तोंडाने श्वास घेत. आधी वरच्या पापणीची रेघ एका दमात, मध्ये थांबले तर पुसून पुन्हा. बुबुळ आधी एका डोळ्याचं नाही करायचं, दोन्हीकडे एकेक ठिपका ठेवायचा, मग पाच पावलं मागे जाऊन बघायचं की बाप्पा आपल्याकडे बघतोय का. दरवेळी मागे जाताना काका रंगाच्या वाटीत पाय घालायचे आणि दरवेळी शिवी आम्हाला. मी चौदा वर्षांचा असताना एकदा ब्रश पुढे केला आणि म्हणाले घे, छोटी मूर्ती आहे. माझे हात एवढे थरथरले की मी म्हटलं नको. परत त्यांनी कधी विचारलं नाही. आता मी बँकेत आहे.

परळची_पोर
मूषक, "परत विचारलं नाही" वाचून कसंतरी झालं. काका आहेत का अजून?

लालबागचा_मूषक
नाही, 2014 ला गेले. मांडव पण नाही, तिथे आता पार्किंग आहे. घरच्या गणपतीचे डोळे मात्र मी आखतो, शाडूची मूर्ती कोरी आणून. थोडा चकणाच येतो.

पाचवा_मजला_लिफ्टसमोर
मी एकाहत्तर वर्षांची, टायपिंगच्या चुका माफ करा. आमच्या नव्या इमारतीत दारासमोर तीन बाय दोन फूट जागा आहे आणि तेवढ्यात चप्पलस्टँड पण. गिरगावात आमच्या दारात चैत्रांगण असायचं, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज. गेरू सारवायचा आणि वर शंख चक्र गदा पद्म गोपद्म स्वस्तिक पाळण्यातली गौर कासव सूर्य चंद्र... आई 51 चिन्हं काढायची आणि मोजून बघायची. मी आता पंधरा काढते, बाकीची चप्पलस्टँडखाली गेली असं समजायचं.

रोज सकाळी साडेसातला काढते आणि दहाला सोसायटीचा मॉप येतो. तो मुलगा बिचारा बिहारचा, पहिल्या दिवशी पुसली तेव्हा मी बोलले त्याला, दुसऱ्या दिवशी त्याने भोवतीने पुसलं आणि माझ्या कासवाच्या पायाशी एक फूल ठेवलेलं, कुठून आणलं देव जाणे. समोरच्या तमिळ बाई तांदळाच्या पिठीने कोलम काढतात, त्यांची बोटातून रेघ सुटते ती एकसारखी, आपली रांगोळी चिमटीतली. त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न केला, मला नाही जमत, ठिपक्यांना वळसा घालून परत सुरुवातीला यायचं तर मी मध्येच दुसऱ्याच्या घरात शिरते. नात व्हिडिओवर बघते पण तिला घाई असते. दूध ठेवलंय गॅसवर, नंतर लिहिते.

वसईहून_७:१८
आजी दूध बघा आधी 😄

माझं थोडं वेगळं. मला जेजे आर्ट स्कूलला जायचं होतं, वडिलांनी पॉलिटेक्निकचा फॉर्म भरला. भांडण वगैरे काही नाही, त्यांनी फक्त विचारलं खाणार काय, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी चित्रांची वही कपाटावर ठेवली ती नंतर रद्दीत गेली, कुणी मुद्दाम नाही दिली पण गेली. मजा म्हणजे तेच वडील लहानपणी मला रविवारी जहांगीर आर्ट गॅलरीला न्यायचे, कारण फुकट होतं. प्रत्येक चित्रासमोर उभं राहून किंमत वाचायचे आणि हळूच "बापरे" म्हणायचे. मग फुटपाथवरच्या चित्रकाराकडे जास्त वेळ उभे राहायचे.

आता मी चाळीस वर्षांचा, रोज वसई ते चर्चगेट, खिशात छोटी वही आणि एक बॉलपेन. झोपलेली माणसं काढतो. झोपलेला माणूस हलत नाही हे खरं नाही, दर स्टेशनला मान वेगळ्या बाजूला पडते, त्यामुळे अंधेरीपर्यंत नाक आणि वांद्र्यापर्यंत कान एवढंच होतं. एकदा एका काकांनी डोळे न उघडता विचारलं, "झालं का? मान दुखली." ते जागेच होते, मी काढतोय म्हणून तसेच बसलेले! दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर येऊन बसले आणि ताबडतोब झोपले 😂

गेरू_तांदूळ
माझं माहेर डहाणूकडचं म्हणून लिहिते. इथे मुंबईत दर शनिवारी कुठेतरी वारली वर्कशॉप असतं, दोन तासांत कप रंगवा आणि घरी न्या. शिकू देत, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्याकडे ते चित्र म्हणजे लग्नाचा चौक. गेरूने भिंत सारवायची, तांदूळ वाटून त्याचं पातळ पाणी, आणि बांबूची काडी चावून चावून तिचा ब्रश. सवाष्णी बायका काढायच्या, गाणं म्हणत, आत पालघट देवी. चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. पुरुषांनी काढायची पद्धतच नव्हती, जिव्या सोमा मशेंनी रोजच्या रोज काढायला सुरुवात केली आणि मग ते जगभर गेलं, 2011 ला पद्मश्री मिळाली त्यांना. मी एका वर्कशॉपला नुसतं बघायला गेले तर ती मुलगी मला म्हणाली आंटी तुमचे त्रिकोण सिमेट्रिकल नाहीत.

तिरका_तांब्या
आंटी 💀

खडूवाल्या_बाई
गेरू_तांदूळ, एकदा शाळेत याल का हो? मानधन नाही मिळणार, चहा आणि साठ पोरं मिळतील.

गेरू_तांदूळ
येईन की. काडी चावायला पोरांना जाम मजा येईल. गेरू मी आणते, भिंत तुम्ही बघा.

खडूवाल्या_बाई
भिंतीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज लागेल 😐 विपू (विचारपुशीत निरोप) करते.

स्वस्त_आणि_मस्त
कागद कुठून घेता सगळे? आमच्या इथे स्टेशनरीवाला एका शीटचे काहीच्या काही घेतो.

वसईहून_७:१८
क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीट. फुल इम्पिरियल घ्या, 22 बाय 30 इंच, घरी चार तुकडे करा, क्वार्टर मिळतात. गुंडाळी करून गर्दीच्या ट्रेनमध्ये चढू नका, मी चढलोय, माटुंग्याला सुरकुत्यांचं हँडमेड झालं.

पाचवा_मजला_लिफ्टसमोर
दूध उतू गेलं.

तिरका_तांब्या
पोस्टर कलरच्या त्या छोट्या बाटल्या आठवतात का? पांढरा पहिला संपायचा आणि जांभळा वर्षानुवर्षं तसाच, शेवटी पाणी घालून घालून त्याचा काढा. आणि ब्रशला टोक यावं म्हणून चोखायचो आपण, माझी जीभ कायम हिरवी. आई म्हणायची बर्फगोळा खाल्लास ना? खरं सांगितलं तरी मारायची.

लालबागचा_मूषक
चोखायचो! काकांची पहिली शिकवण, टोक तोंडात नाही, मनगटावर फिरवून काढायचं.

परळची_पोर
एवढं येईल वाटलं नव्हतं, ऑफिसात चोरून वाचत होते. आजी, पातेलं राखेने घासा, निघेल.

इकडचा रिपोर्ट: लेकाला वस्तुचित्राची प्रॅक्टिस करायची तर घरात तांब्याच नाही, सगळे बाटल्यांनी पाणी पिणारे. शेजारच्या काकूंकडून पितळी आणला, खिडकीपाशी स्टुलावर ठेवला, खाली माझी जुनी ओढणी. चार दिवस तो काढतोय, तोंडाची लंबगोल रेघ आणि बुडाची रेघ जुळत नाही. मी नकळत म्हटलं पट्टी ठेव बाजूला, डोळ्याने मोज. तो म्हणाला तुला काय येतं गं यातलं. मग मी माळ्यावरून ती दोरी काढली, खडू चोळला, म्हटलं धर एक टोक, आणि मध्यरेघ मारून दिली कागदावर. कागद निळा झाला, फरशी निळी झाली, स्वारी गार. नवरा म्हणतोय ड्रॉइंग पेपर आहे की दुकानाची पाटी.

आता काकू दारात उभ्या आहेत, उद्या त्यांच्याकडे सत्यनारायण, तांब्या परत हवाय. डाव्या बाजूची सावली अजून बाकी आहे.

तिरका_तांब्या
सावली काय, प्रसादाला गेल्यावर तिथेच बसून काढ म्हणावं. माझाही शिरा आणा.