झडपेच्या शस्त्रक्रियेबरोबरच बायपास करावा, की आधी स्टेंट घालावा?

प्रश्न
माझ्या वडिलांचे वय 67 असून त्यांच्या हृदयातली एओर्टिक झडप (हृदयातून शरीराकडे रक्त जाते ती) फार अरुंद झाली आहे. जिना चढताना त्यांना धाप लागते, छातीत दडपल्यासारखे होते. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या बाजूच्या एलएडी धमनीत 80 टक्के, तर उजव्या धमनीत 50 टक्के अडथळा आढळला. झडप बदलतानाच बायपास करू, असे सर्जन म्हणतात. आधी स्टेंट घालून घ्या, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. काय योग्य ठरेल?

उत्तर : हृदयशस्त्रक्रियेतील भूलतज्ज्ञ
ताई, झडपेसाठी छाती उघडायचीच असेल, तर मला सर्जनांचे म्हणणे पटते. अशा वेळी 70 टक्के किंवा त्याहून अधिक अडथळ्याचा बायपास सोबतच करावा, अशी युरोपीय हृदयरोग संघटनेची शिफारस आहे. शस्त्रक्रियेत हृदय थांबवण्यासाठी आणि जपण्यासाठी दिलेले थंड द्रावण अडथळ्यापलीकडच्या स्नायूपर्यंत नीट पोहोचले नाही, तर अरुंद झडपेमुळे आधीच जाड झालेले ते हृदय शस्त्रक्रियेदरम्यान त्याचे काम करणाऱ्या हार्ट-लंग यंत्रावरून उतरवताना साथ देत नाही, हे आम्हाला टेबलाजवळ उभे राहून पाहावे लागते.

स्टेंट आधी घातल्यास रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्यांतली क्लोपिडोग्रेल शस्त्रक्रियेपूर्वी साधारण 5 दिवस बंद करावी लागते. ती लवकर थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती, आणि गोळ्या संपेपर्यंत शस्त्रक्रियेसाठी थांबायचे म्हटले तर त्रास देणारी झडप तशीच राहते.

उजव्या धमनीचा निर्णय मात्र केवळ 50 या आकड्यावर घेऊ नये. छातीतले दडपण एकट्या झडपेमुळेही येऊ शकते, म्हणून लक्षणावरून धमनीचा दोष ठरत नाही. ट्रेडमिल चाचणीचा आग्रहही कृपया धरू नका. त्रास होत असलेल्या अशा रुग्णाला ती धोकादायक आहे.

उत्तर : हृदयरोगतज्ज्ञ
सहमत आहे. एक भर घालतो. मांडीतून झडप बसवण्याचा, म्हणजे टावीचा, विचार झाला तर गणित बदलते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या नोशन-3 चाचणीत टावीसोबत स्टेंट घातलेल्यांमध्ये मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि तातडीने धमनी उघडावी लागणे यांचे एकत्रित प्रमाण कमी आढळले, पण रक्तस्राव वाढला.

उत्तर : दुसऱ्या एका रुग्णाचा मुलगा
माझ्या आईची दोन्ही कामे एकत्रच झाली. बायपाससाठी पायातून शीर काढलेल्या बाजूचा घोटा बराच काळ सुजत असे, त्यामुळे पाय उंचावर ठेवून बसण्याची सोय आधीच करून ठेवा. झडप धातूची की जैविक, हेही आताच विचारा, कारण धातूच्या झडपेसाठी वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तिचा परिणाम मोजणारी आयएनआर ही रक्ततपासणी जन्मभर चालते.