माईंची लय की ताईंचा भाव?

सुरंगी: किशोरी आमोणकरांपेक्षा मला त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर जास्त भावतात. घरी हे बोलले की वाद होतो, म्हणून इथे विचारते. माईंची, म्हणजे मोगूबाईंची, ध्वनिमुद्रणं मोजकीच, पण विलंबित (संथ लयीच्या) तीनतालात त्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतात ते ऐका. आवर्तन सरत आलेलं, मात्रा दोन-तीनच उरलेल्या, आता हुकतंय असं वाटतं आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, अलगद जागेवर बसतो. जयपूर घराण्याचे प्रवर्तक आणि माईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब, त्यांची तालीम ती हीच! किशोरीताईंचा आलाप मात्र इतका पसरतो की ठेक्याचं अस्तित्वच जाणवत नाही. हे जयपूर घराणं म्हणायचं का?

रातराणी: का नाही म्हणायचं? ताई अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या, मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याचं, वळण तिथलं. पंचविशीत ताईंचा आवाज गेला तो सुमारे दोन वर्षं. गळा बंद, गाणं फक्त मनात. त्यानंतर सुराकडे बघणं बदलणारच. ताईंचं भूप रागातलं ‘सहेला रे’ ऐका. भूपात सूर जेमतेम पाच, पण रिषभावरून गंधाराला जाताना त्या मधली सगळी वाट दाखवतात. बाबा पहाटे ती कॅसेट लावायचे, मी अंथरुणातच डोळे मिटून पडून राहायचे. मात्रा मोजायचं सुचलंच नाही कधी.

लयवेडा: सुरंगीताईंशी सहमत. भाव हवाच, पण जयपूरची पेचदार तान लयीच्या अंगाने उलगडते. लय सैल पडली की पेच उरत नाही. आणि ताईंचं भर मैफलीत श्रोत्यांवर रागावणं मला पटत नाही. लोक पदरमोड करून आलेले असतात हो.

रातराणी: त्या रागामागे माईच आहेत, दादा. माईंसोबत तानपुऱ्याला जाताना तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, तुटपुंजी बिदागी हे लहानपणी पाहिल्याचं ताईंनी मुलाखतींत सांगितलंय. गाणाऱ्या बाईला मान मिळालाच पाहिजे हे तेव्हाच ठरलं. पुढच्या पिढीतल्या गायिकांना त्याचा फायदा झाला, असं मी ठामपणे म्हणेन.

सुरंगी: मानाचं शंभर टक्के मान्य. गोव्यातल्या कुर्डी गावातून निघून नाटक कंपनीत पोट भरणाऱ्या माईंनी काय सोसलं असेल, ते लेकीने बोलून दाखवलं. ते मी रागाच्या खात्यात टाकत होते, चुकलंच. लयीचं मात्र मागे घेणार नाही. रातराणी, आज माईंचं कुठलंही विलंबित लावा, हातावर सोळा मात्रा धरा, आणि सम आल्यावर काय होतं ते इथे येऊन लिहा.