माणसं लहान होतात ते सिनेमे कायम फसतात का?

फोंडेकार:
'डाउनसायझिंग' (२०१७) परत बघितला, परत वैताग. मॅट डेमन पाच इंचांचा होतो, इथवर झकास. पुढे घर, ताटं, गाड्या सगळंच त्या मापाचं. तो लहान आहे हे आपणच आठवत बसायचं. ८० किलोच्या माणसाचं त्या उंचीला वजन भरेल जेमतेम ३० ग्रॅम. एवढंसं शरीर ऊब धरत नाही, सारखं खावं लागतं. घरातली चिचुंद्री रात्रभर हुंगत फिरते ती उगाच नव्हे. पाण्याचं तर विचारूच नका. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ सालीच लिहिलंय: न्हाऊन निघालेला माणूस अंगावर पौंडभर पाणी घेऊन येतो, ओला उंदीर स्वतःच्या वजनाएवढं. आपल्या जूनच्या पावसात असा माणूस पागोळ्यांखाली उभा करून बघा. एकेक थेंब मोसंब्याएवढा! हे कुणी दाखवतच नाही.

म्हापशेकरीण:
अहो फोंडेकारबाब, तुम्हाला सिनेमा हवाय की पाठ्यपुस्तक? 'डाउनसायझिंग'मधल्या त्या लहान माणसांच्या चैनीच्या वसाहतीच्या भिंतीपलीकडे गरिबांची दाटीवाटीची वस्ती आहे. एक पाय गमावलेली व्हिएतनामी बाई तिथून श्रीमंतांची घरं साफ करायला येते. माप बदललं, झाडू मारणारे तेच राहिले. मला तेवढं पुरलं.

फोंडेकार:
बाय, त्या नटीचं काम उत्तमच. पण हीच गोष्ट साडेपाच फुटी माणसांची केली असती तर काय बिघडलं असतं?

सत्तरीकर:
महाभारताच्या आदिपर्वातले वालखिल्य ऋषी आठवा. अंगठ्याएवढे. सगळे मिळून पळसाची एक काडी वाहून नेतात आणि गाईच्या खुराच्या खळग्यातल्या पाण्यात गटांगळ्या खातात. इंद्र हसतो, ते पुढे त्याला चांगलंच महागात पडतं. दोन श्लोकांचं काम, हॉलिवूडला पैसा ओतूनही जमेना.

पेडणेकर:
'अँट-मॅन' (२०१५) बघा की, मजा येते!

सत्तरीकर:
येते. पण ठोसा मारताना वजन आख्ख्या माणसाचं, मग मुंगीवर बसल्यावर ते जातं कुठे? आमच्या काजूवरच्या हुमल्यावर, म्हणजे लाल मुंगीवर, बसवा त्याला.

म्हापशेकरीण:
आणि १९५७चा 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन'? नायक बाहुलीघरात राहायला जातो, घरचंच मांजर अंगावर येतं. तळघरात केकच्या शिळ्या तुकड्यासाठी टाचणी घेऊन कोळ्याशी लढतो. भूक आहे, पाण्याचा पूरसुद्धा आहे. 'कुणी दाखवतच नाही' म्हणे!

फोंडेकार:
अहो, तो जमलाय म्हणून तर पुढच्यांचा राग येतो!