प्रति: सहीपुरत्या बायका

‘सहीपुरत्या बायका’ या पोस्टमध्ये लिहिलंय की पंचायतीत निवडून आलेल्या बायका सहीपुरत्या, कारभार नवराच बघतो. निम्मं खरं. २०११ पासून राज्यात स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा बायकांना आहेत, माझी जाऊ त्यातूनच ग्रामपंचायतीत निवडून आली, पहिलं वर्ष गप्प बसली तर म्हणे बाहुली, मग पाण्याच्या टाकीचा हिशोब मागितला तर लय तोंडाळ! मीटिंग लांबून रात्री नऊला घरी आली की गल्लीभर चर्चा, आणि तालमीच्या कट्ट्यावर बारापर्यंत बसणाऱ्या मेंबरचा मात्र जनसंपर्क दांडगा. (कोल्हापुरात कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींच्या पुतळ्याला हार घालायला हीच मंडळी पुढं.) आणि नवऱ्याचं म्हणाल तर त्याला मीटिंगमध्ये खुर्ची कोण देतं? तिथले बाप्येच की, ती बिचारी नको म्हणत होती.