मदत हवी आहे : वेंगुर्ल्याची कांदळवन सफर आणि मालवणला स्नॉर्केलिंग – सोबत ६८ वर्षांचे बाबा, पोहता येत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही भांडुप पूर्वेला राहतो. जानेवारीच्या शेवटी चार दिवस मोकळे मिळताहेत. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझे बाबा असे चौघं जाणार. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत होडीतून कांदळवन बघायचं आणि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) करायचं असं ठरतंय. लेक तीन वर्षं महापालिकेच्या तलावात पोहतेय, मला जेमतेम येतं. बाबांना अजिबात येत नाही.

हा सगळा घाट बाबांसाठीच आहे. ते मूळचे माणदेशातले. पोहायला शिकावं इतकं पाणी गावच्या विहिरीत कधी राहिलंच नाही. मुंबईत आले आणि ३१ वर्षं गोदीत क्रेन चालवली. रोज समुद्र डोळ्यांसमोर, पण वरून. मागच्या हिवाळ्यात त्यांना ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला नेलं होतं. पक्षी त्यांनी बघितले, पण खरे रमले ते कांदळवनातल्या लाकडी वाटेवर. तिथल्या माणसाने तिवराच्या पानाच्या मागून बोट फिरवून जिभेला लावायला सांगितलं. बाबांनी लावलं आणि म्हणाले, "अरे, हे तर मीठ!" मग चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या (छोटे मासे) बघत अर्धा तास वाकून उभे. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "एवढी वर्षं पाण्याशेजारी काढली, पण खाली काय असतं ते बघायचं राहिलं." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता भीती कसली ते सांगते. दोन वर्षांपूर्वी कोकणातच एका ठिकाणी (गाव आणि बोटवाला दोन्ही सांगत नाही) आम्ही तिघं स्नॉर्केलिंगला गेलो होतो. एका होडीत बारा जण, पाण्यात उतरवणारा माणूस एकच. त्याने बिस्किटाचा पुडा फोडून पाण्यात टाकला, मासे गोळा झाले, सगळे खूश. मग फोटोसाठी म्हणून सगळ्यांना खाली खडकावर उभं राहायला सांगितलं. लेकीच्या पायाखाली काहीतरी मोडलं. तिने ते वर आणलं. तळहाताएवढा तपकिरी तुकडा, वरून बुळबुळीत, बारीक बारीक घरं पडलेला. जिवंत प्रवाळ होतं ते. तो माणूस म्हणाला, "घेऊन जा, आठवण राहील." तिने तो तुकडा दोन्ही हातांनी परत पाण्यात सोडला आणि उरलेला वेळ होडीतच बसून राहिली. मास्क पुन्हा लावलाच नाही. यंदा ती यायला तयार झाली ते आजोबा येणार म्हणून, आणि एका अटीवर. कुणाच्याही पायाखाली काही मोडता कामा नये.

तर मला विचारायचंय ते असं. कांदळवनात होडी आत शिरायला भरती लागते हे ऐरोलीत कळलं. स्नॉर्केलिंगला मात्र पाणी स्वच्छ आणि शांत हवं. दोन्ही जमतील असे दिवस कसे काढायचे? बाबांना २०१९ मध्ये एक स्टेंट बसवलाय. तब्येत चांगली आहे, रोज चालतात. त्यांना पाण्यात उतरवावं की होडीतच ठेवावं? त्यांना चष्मा आहे, मिशीही आहे, मास्क बसेल का? आणि बोटवाला चांगला की नाही हे इथून फोनवर कसं ओळखायचं?

अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. "बाबांना नेऊ नका" असं मत असेल तर तेही सांगा, फक्त कारण द्या.

—

प्रतिसाद : तिवरपान

ताई, बाबांना जरूर न्या. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी चालवतात. मासेमारी करणाऱ्या घरांतल्याच आहेत. होडी वल्ह्यांची, इंजिन नाही. त्यामुळे पक्षी उडून जात नाहीत आणि कांदळाच्या मुळांमधून जाताना पाण्याचा आवाजही ऐकू येतो. लाइफजॅकेट घालायला लावतात. वय जास्त असलेल्यांना बसायला अडचण नाही, चढता-उतरताना फक्त एकाने हात धरायचा.

—

प्रतिसाद : खाडीकाठचा

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, राहतो कांजूरला. तुमचा दिवसांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घरात कालनिर्णय असेल तर तिथी बघा. आमच्याकडे जुना हिशोब असा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी. हा हिशोब मुंबईकडचा. तळकोकणात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेवढं धरून चाला. पाणीही तिकडे कमी चढतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या घरात जातं, मालवणला साधारण निम्मं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ जोराची, तळाची माती ढवळते आणि पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. पाण्याची ये-जा कमी, ओढ कमी, माती खाली बसते. स्नॉर्केलिंगसाठी हेच दिवस धरा.

त्यात वाऱ्याचं गणित घाला. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात, किनाऱ्याजवळ समुद्र सपाट असतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की लाटा उठतात आणि नळीत पाणी शिरायला लागतं. म्हणून स्नॉर्केलिंग सकाळी आठ ते दहा. अष्टमी-नवमीला त्या वेळी भरती होऊन दोन-तीन तास झालेले असतात, खडकांवर अजून पुरेसं पाणी असतं. हे तुमच्या लेकीच्या अटीसाठी फार महत्त्वाचं आहे. ओहोटी पूर्ण लागली की पाणी कमरेइतकं उरतं आणि माणूस आपोआप पाय टेकतो. पाय टेकणारे सगळे वाईट नसतात, त्यांना चुकीच्या वेळी उतरवलेलं असतं.

कांदळवन त्याच दिवसांत संध्याकाळी चार-साडेचारला. पाणी खाडीत चढत असतं, होडी आतल्या फाट्यांत शिरते. त्या वेळी खंड्या आणि बगळे परतायला लागतात. पांढऱ्या चिपीची फुलं उमलायची वेळही संध्याकाळचीच, पहाटेपर्यंत पुंकेसर गळून पाण्यावर तरंगत असतात. हे झाड महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलंय. बाबांना कांदळाच्या शेंगा जरूर दाखवा. बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप खाली लोंबतं. गळून पडलं की चिखलात उभं रुततं, नाहीतर पाण्याबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं. शेतकरी घरातला माणूस हे बघून खूश होईल.

रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरा. पहिल्या दिवशी वेंगुर्ला, संध्याकाळी होडी. दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन आराम. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र. प्रवासाच्या दिवशी बाबांना पाण्यात उतरवू नका.

—

प्रतिसाद : निळाई

मी पंधरा वर्षं पोहणं शिकवतेय, मालवणला दर हिवाळ्यात जाते. बाबांबद्दल लिहिते.

स्टेंट आहे म्हटल्यावर आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारा, आणि "समुद्रात स्नॉर्केलिंग" असं स्पष्ट सांगून विचारा. छातीपर्यंत पाण्यात गेलं की पायांकडचं रक्त वर ढकललं जातं आणि हृदयाला जास्त काम पडतं. त्यात जानेवारीचं गार पाणी आणि घाबरल्यावर जोरात घेतलेले श्वास. डॉक्टर नको म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर लाइफजॅकेट, हाताला धरायला रिंग, आणि त्यांच्या एकट्यासाठी एक माणूस. दहा मिनिटं पुरे. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जाणं, मात्र नकोच. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पृष्ठभागावर राहतो, कानावर दाब येत नाही. स्कूबात येतो.

चष्मा मास्कखाली चालत नाही, काड्यांमुळे पाणी शिरतं. नंबरचे मास्क मिळतात, मुंबईत पोहण्याच्या सामानाच्या दुकानात चौकशी करा. आणि स्वतःचा मास्क न्याच. विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हळूच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी ओठाच्या वरच्या बाजूला, नाकाखाली, थोडी कातरावी लागेल. तिथूनच पाणी येतं.

घरी सराव करा. बाथरूममध्ये टब भरा, खुर्चीवर बसून तोंड पाण्यात घालायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. समुद्रात बहुतेक लोक पाण्याला घाबरत नाहीत, तोंडाने श्वास घेण्याला घाबरतात. ती सवय घरी झाली की निम्मं काम झालं.

बोटवाल्याला फोनवर भाव विचारायच्या आधी विचारा, नांगर कुठे टाकता? वाळूवर टाकतो किंवा बांधलेल्या बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाला) दोर लावतो म्हणाला तर तो जाणकार. "कुठेही टाकतो" म्हणाला तर फोन ठेवा. मग विचारा, माशांना काय घालता? काही नाही, हेच बरोबर उत्तर. आणि किती माणसांमागे एक माणूस पाण्यात असतो तेही विचारा.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. तुमच्या लेकीला हे सांगा. तिने तो तुकडा परत सोडला ते अगदी योग्य केलं. आणखी एक सांगा, अंदमानसारखी फांद्यांची रंगीत बाग इथे दिसणार नाही. इथलं प्रवाळ गोल दगडासारखं किंवा खडकावर साय धरावी तसं वाढतं, कारण त्याला गढूळ पाणी सोसावं लागतं. वर्षाला साधारण एक सेंटीमीटर. मुठीएवढा गोळा दिसला तर तो तिच्या वयाच्या आसपासचा असेल.

—

प्रतिसाद : खाडीकाठचा

निळाईताईंनी छान लिहिलंय. एक राहिलं. प्रवाळ मुंबईतही आहे. कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचं प्रवाळ दुसरीकडे हलवलं होतं. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला जाणकारांबरोबर खडकावर फिरून या, पाण्यात न उतरता. जायच्या आधी बाबांची नजर बसेल. नाहीतर पहिल्या दिवशी सगळे दगडच दिसतात.

—

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इको आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) करून घेतली आणि दहा मिनिटांना परवानगी दिली. जॅकेट घालून, एक माणूस धरून, आणि धाप लागली की लगेच बाहेर, या अटींवर. नंबरचा मास्क मिळाला. बाबांनी मिशी स्वतः आरशासमोर कातरली. ४० वर्षांत आईलाही हात लावू दिला नव्हता.

टबचा सराव रोज चालू आहे. लेक शेजारी स्टुलावर बसून आकडे मोजते. पहिल्या दिवशी ते सातवर तोंड वर काढून खोकले. काल १२०पर्यंत गेले. वर आल्यावर म्हणाले, "श्वासाचा आवाज फार मोठा येतो गं, आपलाच." तिने सांगितलं, समुद्रातही तोच येतो आबा, तो ऐकत राहायचा. दोन वर्षांनी ती पहिल्यांदा पाण्याबद्दल आपणहून बोलली.

चार बोटवाल्यांना फोन केले. नांगराचा प्रश्न विचारल्यावर दोघं गप्प झाले, एक चिडला. चौथे काका म्हणाले, "बाय, नांगर वाळूतच टाकूचो, खडकात टाकलंय तर माझोच दोर तुटतलो," आणि पुढे दहा मिनिटं कुठला खडक कधी बघायचा ते सांगत राहिले. त्यांचंच ठरवलं. एका होडीत आम्ही चौघंच, पाण्यात दोन माणसं. पैसे जास्त पडताहेत, पण ते चालेल.

कालनिर्णयात अष्टमी-नवमी बघून तिकिटं काढली. एकच राहिलं. पाण्यातून होडीत परत चढताना बाबांना कसं घ्यायचं? गुडघा पूर्ण वळत नाही त्यांचा.

—

प्रतिसाद : निळाई

शिडी. आजच काकांना फोन करून विचारा, पाण्यात किमान तीन पायऱ्या खाली जाणारी शिडी आहे का. दोराची नको, ती होडीखाली ओढली जाते. लोखंडी किंवा लाकडी, घट्ट बसणारी हवी. चढताना पायातले पोहायचे पंखे आधी काढून वर द्यायचे, मास्क शेवटपर्यंत तोंडावर ठेवायचा. एक जण खालून कमरेला आधार देईल, वरचा माणूस हात नाही, जॅकेटचा खांद्याजवळचा पट्टा धरेल. घाई करायची नाही, लाट होडीला वर उचलून खाली आणते तेव्हा पाय टाकायचा. आणि शिडी नसेल तर बाबांना होडीतूनच बघू द्या, पण लेकीला जरूर उतरवा.