सराईत की अट्टल?

पानगळ: लोम्ब्रोजोवरचा एक लेख मराठीत आणतेय. इटलीतला हा डॉक्टर. कवट्या, जबडे मोजून 1876 च्या पुस्तकात त्यानं मांडलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात. त्या प्रकाराला मी 'जन्मजात गुन्हेगार' लिहिलं. पण तोच पुढे सवयीनं बनलेला गुन्हेगार वेगळा धरतो. तिथे मी 'सराईत' लिहिलं, संपादकांनी खोडून 'अट्टल' केलं. मला हे उलटंच वाटतंय.

आडकित्ता: तुमचंच बरोबर. सराईत म्हणजे सराव झालेला. आमची आजी 'सराईत सुईण' म्हणायची, तेही कौतुकानं. त्याला गुन्हेगार चिकटवला तो पेपरवाल्यांनी. अट्टल मात्र अटळवरून आला असणार. टळतच नाही तो. म्हणजे पुन्हा जन्मजातच की!

निवृत्त मास्तर: 'ट' दुप्पट आणि 'ळ'चा 'ल' कुठल्या नियमानं झाला? असल्या व्युत्पत्त्या चहाबरोबर बऱ्या. आणि अट्टल दारुडा काय पाळण्यात पीत होता? शुद्ध शब्द हवा असेल तर 'अभ्यस्त अपराधी' लिहा.

कुरडई: अभ्यस्त म्हटलं की मला एमपीएससीवाला भाचा आठवतो.

पालावरचा: थोडं थांबा. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा लोम्ब्रोजोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीचा. आमची कवटीसुद्धा कुणी मोजली नाही, जमात विचारली की झालं. आजोबांना पोलिसांकडे हजेरी असायची. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वस्ती होती, तिला आम्ही अजूनही सेटलमेंटच म्हणतो. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द होऊन विमुक्त झालो. मग 1959 मध्ये मुंबई राज्यानं वारंवार गुन्हा करणाऱ्यांचा वेगळा कायदा केला. आजोबा म्हणायचे, वही तीच, पुठ्ठा नवा. सराईत शब्दात जन्म नाही म्हणता, पण वर्गात पेन हरवलं की पहिलं दप्तर माझंच उपडं व्हायचं. तिसरीतल्या पोराला कसला सराव? जमातीवरून सराईत ठरवायचं नाही, हे तुरुंगांच्या नियमावल्यांना सुप्रीम कोर्टानं सांगितलं ते थेट ऑक्टोबर 2024 मध्ये.

आडकित्ता: माझ्या डोक्यात फक्त आजीची सुईण होती. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' हेसुद्धा त्याच माळेतलं म्हणायचं. झाडाचं खोड कुठं वाकतं?

निवृत्त मास्तर: झाडाचं खोड नपुंसकलिंगी, म्हणीतली खोड स्त्रीलिंगी. आणि ती म्हण आपण पोलिसांपेक्षा नवऱ्याबद्दलच जास्त वापरतो.

इंदूरकर: इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून पुण्याचे पाहुणे हसतात. संस्कृतातही शिकवणंच. मार नंतर जोडला गेला. म्हणजे मुळात आपण माणूस सुधारतो असं मानत होतो, नाही का?

कुरडई: की छडीशिवाय शिकवता येत नाही असं मानत होतो?

निवृत्त मास्तर: 38 वर्षं शिकवलं. छडी होती. कपाटावर.

इंदूरकर: सुधारण्याचंच म्हणाल तर औंध संस्थानचं उदाहरण घ्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुनाच्या कैद्यांनासुद्धा भिंतीविना शेतीवर ठेवलं. वसाहत म्हणतात तिला.

पालावरचा: सोलापूरच्या सेटलमेंटलाही पुस्तकात वसाहतच लिहितात. खून केलेल्याला भिंत नाही, आणि नुसत्या जन्मलेल्याला तार. एकच शब्द दोन्हीला चालवायचा?

पानगळ: माझा मजकूर उद्या जायचाय हो. तूर्त 'वारंवार गुन्हे करणारा' लिहितेय. संपादक लांबी कापतील.

निवृत्त मास्तर: कापू द्या. तेवढं 'गुन्हा' फारसी आहे, हे त्यांना सांगा.

आडकित्ता: मग तडीपारमधली तडी कुणाची?