मदत हवी आहे: लग्न नको, पण लपवाछपवीही नको. कोणतं डेटिंग अ‍ॅप बरं?

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेय.

माझं वय ३८. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. पुन्हा लग्न करायचं नाही, कुणाबरोबर एका घरात राहायचंही नाही. पण सोबतीची, गप्पांची आणि स्पर्शाची ओढ काही संपलेली नाही. अधूनमधून भेटावं, हे यापुढे जाणार नाही हे दोघांनाही आधीपासून माहीत असावं, आणि तरीही एकमेकांशी जिव्हाळ्यानं वागावं, एवढंच हवंय. याला कॅज्युअल म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो, पण दुसरा सापडत नाही.

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी माझ्यामुळे एक चांगला माणूस दुखावला गेला. एका अ‍ॅपवर मी ‘अजून ठरवलेलं नाही’ हा पर्याय निवडला होता. ठरलेलं होतं, पण तसं लिहिलं तर लोक काय समजतील याची भीती वाटली. चार भेटी छान झाल्या. पाचव्या भेटीत तो म्हणाला, ‘मी घरी तुझ्याबद्दल सांगितलंय.’ त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच रात्री अ‍ॅप काढून टाकलं. आता पुन्हा सुरुवात करायची तर आपल्याला काय हवंय ते पहिल्याच दिवशी समोरच्याला दिसेल अशाच ठिकाणी.

आतापर्यंत जे बघितलं ते असं. टिंडर २०१२ पासून आहे, माणसं तिथे सगळ्यात जास्त. २०२२ पासून प्रोफाइलवर कशाच्या शोधात आहोत ते निवडता येतं, त्यात थोड्या काळापुरती मजा हाही पर्याय आहे. पण फोटो बघून भराभर स्वाइप करणारे (बोटानं बाजूला सरकवत पसंत-नापसंत ठरवणारे) तो वाचतात का, याची शंका आहे. बंबलवर स्त्री-पुरुष मॅच झाली, म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केलं, की पहिला शब्द बाईचा असायचा आणि त्यासाठी २४ तास मिळायचे. २०२४ मध्ये त्यांनी ओपनिंग मूव्ह्ज आणल्या. म्हणजे मी एक प्रश्न आधीच लावून ठेवायचा आणि मॅच झालेल्यानं त्याचं उत्तर द्यायचं. हे मला आवडलं, कारण प्रश्नातच हेतू सांगून टाकता येतो. बांधिलकीशिवाय जवळीक असाही पर्याय तिथे आहे. हिंजवर प्रॉम्प्टना, म्हणजे अ‍ॅपनं दिलेल्या तयार प्रश्नांना, उत्तरं लिहावी लागतात, त्यामुळे माणूस थोडा तरी कळतो, पण ‘डिलीट करण्यासाठीच बनवलेलं’ हेच त्याचं ब्रीद. जोडीदार मिळाला की अ‍ॅप सुटावं, असा रोख. तिथे माझ्यासारखीनं जाणं बरोबर आहे का?

टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिड ही तिन्ही अ‍ॅपं मॅच ग्रुप या एकाच कंपनीची आहेत हे कळल्यावर वाटलं, फरक खरंच किती असेल? वापरणाऱ्यांनी सांगावं.

एक प्रश्न मैत्रिणीचाही आहे. ती आणि तिचा नवरा एकमेकांच्या संमतीनं खुल्या नात्यात आहेत. त्यांनी कुठे बघावं?

प्रतिसाद १

तुमच्या मैत्रिणीला फील्ड नावाचं अ‍ॅप सांगा. ते २०१४ मध्ये थ्रिंडर नावानं सुरू झालं, नंतर टिंडरशी नावावरून वाद झाला आणि २०१६ मध्ये नाव बदललं. आम्ही दोघं तिथे आहोत. जोडीदारांची प्रोफाइलं एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे ‘बायकोला माहीत आहे’ हे नुसतं सांगावं लागत नाही, ते दिसतं. लिंगओळख आणि लैंगिक कल यांचे पर्यायही भरपूर. अडचण एकच, टिंडरच्या मानानं माणसं फार कमी. मोठ्या शहराबाहेर दोन दिवसांत यादी संपते.

ओकेक्युपिडही बघा. २००४ चं आहे, म्हणजे स्वाइपच्या आधीचं. शेकडो प्रश्न असतात, उत्तरं जुळतील तशी टक्केवारी दिसते. एकपत्नीत्व, मत्सर, मुलं हवीत का, असे विषय भेटीआधीच समोर येतात. कंटाळा न करता निदान पन्नास उत्तरं द्या.

प्रतिसाद २

मी समलिंगी पुरुष आहे, त्यामुळे माझा अनुभव ग्राइंडर या आमच्यासारख्यांच्या अ‍ॅपचा. तिथे जवळची माणसं अंतराच्या क्रमानं दिसतात आणि हेतू कुणी लपवत नाही. मला त्यात मोकळं वाटलं. एचआयव्ही स्थिती आणि शेवटची तपासणी कधी केली हे प्रोफाइलवर लिहिण्याची सोय आहे, तपासणीची आठवणही लावता येते. पण हीच एचआयव्हीची माहिती ते बाहेरच्या दोन कंपन्यांना देत होते, हे २०१८ मध्ये उघड झालं. जाहिरात कंपन्यांना वापरणाऱ्यांची माहिती दिल्याबद्दल २०२१ मध्ये नॉर्वेनं त्यांना साडेसहा कोटी क्रोनरचा दंड ठोठावला. म्हणून मी एकच नियम पाळतो: जे उघड झालं तर झोप उडेल, ते अ‍ॅपमध्ये भरायचं नाही. अंतर दाखवणं बंद ठेवतो. नुसत्या अंतरावरूनही दोन-तीन जागांहून मोजून माणसाचं ठिकाण काढता येतं.

तब्येतीचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. कंडोम हवाच, पण जननेंद्रियांचा हर्पीस आणि एचपीव्ही हे विषाणूंचे संसर्ग त्वचेच्या स्पर्शानंही पसरतात, त्यामुळे तो पूर्ण कवच नाही. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाची बऱ्याचदा लक्षणंच दिसत नाहीत. जोडीदार बदलत असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करा. एचआयव्हीची जोखीम घडली असं वाटलं तर ७२ तासांच्या आत पीईपी (संसर्ग होऊ नये म्हणून नंतर घ्यायचं औषध) सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं. ‘सोमवारी बघू’ असं करू नका.

प्रतिसाद ३

ताई, आधी एक सांगते. त्या माणसाबद्दल तुम्ही इतका विचार करताय, यातच तुमचं मन कळतं.

हिंजवर खुशाल जा. नात्याचा हेतू आणि एकनिष्ठ की नाही, दोन्ही प्रोफाइलवर दाखवता येतं. फक्त ते दिसेल असं ठेवलंय ना, हे तपासा. लपवायचीही सोय असते, आणि गोंधळ तिथेच होतो.

भेटीआधी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. मी तो टाळणाऱ्याला भेटत नाही, मग फोटो कितीही छान असोत. पहिली भेट चारचौघांत, जाणं-येणं आपलं आपण, आणि एका मैत्रिणीला ठिकाण व वेळ माहीत. खासगी फोटो पाठवायचेच असतील तर चेहरा आणि ओळखू येईल असं काही त्यात नको. कुणी ते पसरवायची धमकी दिली तर पैसे देऊ नका. स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा त्यांच्याकडे जातो, आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्राम, बंबल यांसारख्या ठिकाणी तो फोटो अडवता येतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला फील्डचं कळवलं. पीईपीचं मला खरंच माहीत नव्हतं.

मी बंबल आणि ओकेक्युपिड दोन्हींवर प्रोफाइल करतेय. बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत, हे लिहिलंय: ‘घटस्फोटित. लग्न किंवा एकत्र राहणं नको, हे बदलणार नाही. महिन्यातून दोन-तीनदा भेटणं, भरपूर बोलणं आणि जवळीक हवी आहे. तुम्हाला पुढे यापेक्षा जास्त हवंसं वाटेल असं आत्ताच वाटत असेल, तर कृपया इथेच थांबा.’

शेवटचं वाक्य फार कोरडं होतंय का? काढावंसं वाटत नाही, पण दार आपटल्यासारखंही वाटायला नको. कसं लिहू?